दोन स्पोर्ट्स कारच्या पिकअपची तुलना कशी करायची: मेहुण्याशी घातलेल्या वादातून शिकलेलं

माझ्याकडे जुनी घेतलेली पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.० आहे, पीडीके (पोर्शेच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची. मेहुण्याकडे बीएमडब्ल्यू एम२, ऑटोमॅटिक. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ, पोर्शेच्या गावी राहतो, तो म्युनिकला, बीएमडब्ल्यूच्या. म्हणजे गाड्यांसकट दोघंही आपापल्या गावाचा झेंडा घेऊन उभे. दिवाळीच्या फराळाला बसलो की चकली संपायच्या आत विषय निघायचा, कोणाची आधी सुटते? ०-१०० चा, म्हणजे उभ्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायचा, माझ्या गाडीचा कंपनीने दिलेला आकडा ४.० सेकंद, त्याच्या गाडीचा ४.१. एवढ्यावर मी वर्षभर कॉलर ताठ करून फिरलो. मग एकदा खरंच मोजायला गेलो आणि कळलं, की आपण ज्याला पुरावा समजत होतो त्यातलं निम्मं फुकटचं होतं. मोबाइल, स्पीडोमीटरचा व्हिडिओ, उतरता रस्ता, सगळ्या चुका करून झाल्या आहेत. तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

१. आधी प्रश्न नक्की करा

"कोणती जास्त फास्ट?" हा प्रश्नच नाही. निदान तीन वेगळे प्रश्न त्यात लपलेले असतात.

उभ्या जागेवरून ०-१००: यात इंजिनाइतकीच टायरच्या ग्रिपची परीक्षा असते. सुटताना चाकं फिरली की खेळ संपला.

चालत्या गाडीचा पिकअप, म्हणजे १०० ते २०० किंवा ८० ते १२०: इथे ग्रिपचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ताकद, वजन, गिअर आणि वारा एवढंच बोलतं.

पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर: यात दोन्हींची सरमिसळ असते, आणि आकडे नीट वाचता आले तर सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते.

कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते दोघांनी आधीच ठरवा. नाही तर हरणारा ऐन वेळी प्रश्न बदलतो. आमच्याकडे तो मान माझा होता.

२. छापील आकडे एका मापाने मोजलेत का ते बघा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो, म्हणून जरा थांबतो.

युरोपातल्या कंपन्या ० ते १०० किलोमीटर सांगतात. अमेरिकन मासिकं ० ते ६० मैल सांगतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर. वरचे साडेतीन किलोमीटर क्षुल्लक वाटतात, पण आपल्या जातीच्या गाडीला त्यासाठी साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात.

त्याहून मोठी गोम रोलआउटची. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, चाक प्रकाशाच्या किरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं, गाडी हलली की लगेच नाही. म्हणजे पहिला साधारण एक फूट, ३० सेंटिमीटर, फुकट. अमेरिकन मासिकं हीच प्रथा धरून ०-६० च्या वेळेतूनही तो एक फूट वजा करतात. जोरात सुटणारी गाडी तो फूट पार करायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते आणि फूट संपेपर्यंत ताशी ७-८ किलोमीटरला पोचलेलीही असते. तेव्हा "०-६०" म्हणून जे छापलं जातं, ते मुळात शून्यापासून नसतंच! टेस्लानेही मॉडेल एस प्लेडचा दोन सेकंदांच्या आतला आकडा जाहीर करताना रोलआउट वजा केल्याचं बारीक अक्षरात लिहिलं होतं. हे दोन्ही फरक एकत्र धरले तर एकाच गाडीचा आकडा एका मासिकात ३.६ आणि दुसरीकडे ४.० दिसू शकतो, आणि खोटं कोणीच बोललेलं नसतं.

वजनाचंही तेच. जर्मन गाड्यांच्या कागदावर दोन वजनं असतात. डीआयएन वजन म्हणजे ड्रायव्हरशिवाय, ईयू वजन म्हणजे ७५ किलो धरून. मी माझ्या गाडीचं डीआयएन (१,४३५ किलो) आणि त्याच्या गाडीचं ईयू (१,८०० किलो) घेऊन "तुझी गाडी म्हणजे म्हैस" असं म्हणत होतो. त्याच्या गाडीचं डीआयएन वजन १,७२५ आहे. म्हैस आहेच, पण ७५ किलो मी माझ्या पदरचे घातले होते.

गिअरबॉक्सही बघा. माझ्याच गाडीची मॅन्युअल आवृत्ती कंपनीच्या कागदावर ४.५ सेकंद घेते, पीडीके ४.०. एम२ मॅन्युअल ४.३, ऑटोमॅटिक ४.१. एका मॉडेलमधला गिअरबॉक्सचा फरक दोन वेगवेगळ्या गाड्यांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. आणखी एक: २०२३ ची एम२ ४६० अश्वशक्तीची, पुढच्या वर्षीपासूनची ४८० ची. कुठल्या सालची गाडी हे न विचारता आकडे उचलू नका. मेहुण्याची आधीची आहे.

३. घरच्या घरी अंदाज बांधा

मोजायला जाण्याआधी पाच मिनिटं हिशोब करा. केमन: ४०० अश्वशक्ती, ड्रायव्हरसकट १,५१० किलो, म्हणजे टनामागे साधारण २६५. एम२: ४६०, १,८०० किलो, म्हणजे २५६ च्या आसपास. साडेतीन टक्क्यांचा फरक.

आता युक्ती अशी, की पाव मैलाची वेळ वजन-ताकद गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ताकद १० टक्के वाढवली तरी वेळ जेमतेम ३ टक्के कमी होतो. आमच्या साडेतीन टक्क्यांचा अर्थ १२ सेकंदांच्या धावेत ०.१५ सेकंदाच्या आतबाहेर. शेजारच्या सीटवर ७५ किलोचा माणूस बसवला तर साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणजे बायकोला शेजारी बसवून मी जिंकलेली शर्यत हरू शकतो. हे तिला सांगितलं नाही.

४. काय काय लागेल

साधनं:

- जीपीएस टायमर. व्हीबॉक्स स्पोर्ट सेकंदाला २० नोंदी घेतो, ड्रॅगीसारखी छोटी डबी १० किंवा जास्त. एकच यंत्र दोन्ही गाड्यांत वापरायचं, दोन वेगवेगळी नाही.
- हवेचा दाब मोजायचा चांगला गेज.
- थर्मामीटर, वही, पेन. वही मोबाइलमध्ये नको, हात घामेजलेले असतात.
- हेल्मेट. बंद बूट, लांब पँट, कॉटनचा पूर्ण बाह्यांचा शर्ट.

कागदपत्रं (जर्मनीत):

- वैध लायसन्स. नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवा, इथे रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं.
- गाडीचा नोंदणीचा कागद, ज्याला इथे सगळे फाहरत्सॉइगशाइन म्हणतात.
- गाडी स्वतःच्या नावावर नसेल किंवा लीजवर असेल तर मालकाची लेखी परवानगी.
- नुकसान झाल्यास आयोजकांना जबाबदार धरणार नाही असा फॉर्म तिथेच भरून घेतात. वाचून सही करा.

काय चालणार नाही तेही सांगतो. मोबाइलचं साधं जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद घेतं. चार सेकंदांच्या धावेत चार ठिपके. त्यावर दशांश सेकंदाचं भांडण करणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं. स्पीडोमीटरचा व्हिडिओ तर त्याहून वाईट. युरोपच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत जास्त दाखवलं तर चालतं. तेव्हा काटा १०० वर आला म्हणजे गाडी १०० ला पोचली असं नाही, आणि दोन कंपन्यांचे काटे सारखेच खोटं बोलतील असंही नाही.

५. जागा: आउटोबान नव्हे

भारतातून आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आउटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, वेगमर्यादा नाही तर मग अडचण काय? अडचण आहे. मर्यादा नसलेल्या पट्ट्यात वेगाने जाणं वेगळं आणि दोघांनी मिळून पळवणं वेगळं. २०१७ पासून जर्मन दंडसंहितेच्या कलम ३१५ड खाली रस्त्यावरची शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडी जप्तही होऊ शकते. समोर दुसरी गाडी नसली तरी बेदरकारपणे जास्तीत जास्त वेग गाठायचा म्हणून पळवणारा एकटा माणूसही त्यात येतो. खिशात टायमर चालू असेल तर तुमचा हेतू काय होता हे तुमचंच यंत्र सांगेल.

आम्ही होकेनहाइमला गेलो. फॉर्म्युला वनचं सर्किट म्हणून सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे रिको आंथेस क्वार्टरमाइल नावाची पाव मैलाची खास ड्रॅग स्ट्रिप आहे. काही ठरावीक दिवशी पैसे भरून रोजची गाडी पळवता येते. दोन लेन, प्रकाशकिरणांचं टायमिंग, हातात छापील स्लिप.

विम्याचं मात्र आधी बघा. जास्तीत जास्त वेग गाठणं हा हेतू असलेल्या कार्यक्रमांत झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान इथल्या पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं. भिंतीला गाडी घासली तर खर्च आपला, हे मान्य असेल तरच जा.

६. अंगण खरंच वाकडं आहे का ते तपासा

नाचता येईना अंगण वाकडं असं आपण हसून म्हणतो, पण इथे अंगण वाकडं असू शकतं आणि त्याने निकाल बदलतो. १ टक्का उतार म्हणजे ४०० मीटरमध्ये ४ मीटर. डोळ्याला कळतही नाही. ०-१०० मध्ये त्याने ०.०५ सेकंदाच्या आसपास फायदा होतो, पण १००-२०० मध्ये गाडी आधीच दमलेली असते, तिथे तोच उतार ०.३ सेकंदांपर्यंत देतो. ड्रॅग स्ट्रिपवर हा प्रश्न नसतो. धावपट्टीवर किंवा बंद आवारात मोजत असाल तर दोन्ही दिशांना धावा घ्या आणि सरासरी काढा. वाऱ्याचाही हिशोब त्यातच बराचसा निघतो.

मग हवा. माझ्या गाडीला टर्बो नाही, ती बाहेरची हवा जशी मिळेल तशी ओढते. मेहुण्याच्या गाडीला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) आहेत. हवा विरळ झाली तर ते जास्त जोरात फिरून बरीच तूट भरून काढतात. होकेनहाइम समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आसपास आहे, म्युनिक ५२० च्या. तेवढ्या चढाने हवेची घनता साधारण ४ टक्के उतरते आणि माझे ४०० घोडे ३८५ वर येतात. वर काढलेला साडेतीन टक्क्यांचा फायदा त्यातच संपला. म्हणजे त्याच्या गावात आम्ही बरोबरीत आणि होकेनहाइमला मी किंचित पुढे, कागदावर तरी. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होतो, हे कळल्यावर जरा निराशाच झाली.

तापमानाचं तसंच. १० अंशांवरून ३० अंशांवर गेलात की हवा साडेसहा टक्क्यांनी पातळ होते. ऑक्टोबरच्या सकाळी मोजलेला आकडा जुलैच्या दुपारच्या आकड्याशेजारी मांडू नका. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच तासात पळवा. खूप थंडीही नको. ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायर कडक होतात आणि ग्रिप जाते.

७. गाड्या समान पातळीवर आणा

पेट्रोल एकाच पंपावरून, एकाच ऑक्टेनचं (आम्ही ९८ घेतलं), आणि दोन्ही टाक्या सारख्याच भरलेल्या. ५० लीटर पेट्रोलचं वजन ३७ किलोच्या आसपास भरतं. डिकीतली पाण्याची बाटली, छत्री, लेकीची सायकल, सगळं बाहेर काढा. टायरचा दाब गार असताना कंपनीने सांगितलाय तितका. टायर कुठले आहेत आणि किती झिजलेत ते वहीत लिहा. एकाला ट्रॅकचे टायर आणि दुसऱ्याला साधे असतील तर तुम्ही टायरची तुलना करताय, गाडीची नाही.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या जागेवरून गाडी पूर्ण जोरात सोडणारी यंत्रणा, ही पी हळद आणि हो गोरी नव्हे. इंजिन आणि गिअरबॉक्स नीट तापलेले लागतात, तेव्हा आधी दहाएक किलोमीटर चालवा. माझ्या गाडीत स्पोर्ट प्लस मोड, डावा पाय ब्रेकवर, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबून, सूचना दिसली की ब्रेक सोडायचा. एम२ मध्ये स्थिरता नियंत्रण बंद करावं लागतं आणि पडद्यावर चौकटींचा झेंडा येतो. दोन लाँचच्या मध्ये काही मिनिटं गिअरबॉक्स गार होऊ द्या. दोन्हीकडे मॅन्युअल वाचा. मेहुण्याने वाचलं नव्हतं, त्याची पहिली धाव लाँच कंट्रोलविनाच गेली आणि तो अर्धा तास गाडी बिघडली म्हणून रडत होता.

८. स्ट्रिपवर प्रत्यक्ष

सुरुवातीला पाण्याचा पट्टा असतो. तो मोठ्या ड्रॅग टायरवाल्यांसाठी आहे. रस्त्याच्या टायरवर त्याच्या बाजूने जा, नाही तर खाचांतलं पाणी सुटायच्या जागेपर्यंत घेऊन याल.

मग हळू पुढे सरका. पहिला दिवा लागला म्हणजे रेषेजवळ आलात, दुसरा लागला म्हणजे रेषेवर आहात. दुसरा लागता क्षणी थांबा. आणखी पुढे सरकलात तर पहिला दिवा विझतो, तुमचा फुकटचा फूट कमी होतो आणि वेळ वाढतो. दोघांनी एकाच पद्धतीने उभं राहायचं हे आधी ठरवा. आमच्या पहिल्या दोन धावा यातच वाया गेल्या.

नंतर पिवळे दिवे, मग हिरवा. घाई नको! तुलनेसाठी लागणारी वेळ तुमचं चाक किरणातून बाहेर पडलं की सुरू होते, दिवा लागला की नाही. दिवा पाहून सुटायला लागलेला वेळ स्लिपवर वेगळा छापतात. हे न कळल्यामुळे शेवटच्या रेषेवर जो आधी दिसतो त्यालाच सगळे विजेता समजतात. दुसऱ्याची गाडी कमी वेळात येऊनही मागे राहू शकते, कारण तो दिव्याकडे बघत बसला.

९. किती धावा, कुठल्या क्रमाने

एक धाव म्हणजे काहीच नाही. आम्ही प्रत्येकी सहा घेतल्या. क्रम असा: आधी माझी, मग त्याची, मग त्याची, मग माझी. दिवस जसा तापत जातो तसा त्याचा फटका दोघांना सारखा बसावा म्हणून. निम्म्या धावांनंतर लेन बदला, कारण दोन्ही लेनची ग्रिप एकसारखी नसते. जमत असेल तर ड्रायव्हरही बदला. ही सूचना आमच्या घरात फेटाळली गेली.

टर्बोच्या गाडीला लागोपाठ धावा सोसत नाहीत. आत जाणारी हवा तापते आणि आकडे घसरतात. दोन्ही गाड्यांना सारखीच विश्रांती द्या. आणि सगळ्यात चांगली वेळ उचलू नका, सहा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधल्या दोनांची सरासरी घ्या. एकाच गाडीच्या सहा धावांत जितका फरक पडतो त्यापेक्षा दोन गाड्यांमधला फरक लहान असेल तर उत्तर "सारख्या" असंच लिहायचं, कितीही जिवावर आलं तरी.

१०. स्लिप कशी वाचायची

एकूण वेळेकडे शेवटी बघा. आधी पहिल्या ६० फुटांचा (१८.३ मीटर) आकडा बघा. तो सुटण्याबद्दल सांगतो: ग्रिप, लाँच, ड्रायव्हरचा हात. मग शेवटचा वेग बघा, जो अखेरच्या ६६ फुटांवर मोजतात. तो ताकद आणि वजनाबद्दल सांगतो आणि सुटताना झालेल्या गडबडीने फारसा हलत नाही. ६० फुटांत मागे पण शेवटच्या वेगात पुढे, अशी गाडी दिसली तर इंजिनाला दोष देऊ नका, टायर आणि पाय बघा.

आमच्या स्लिपवर तेच निघालं. ६० फुटांत मी जवळपास दर वेळी पुढे, कारण माझं इंजिन मागच्या चाकांच्या अगदी पुढे बसलेलं आहे आणि तो भार सुटताना कामाला येतो. शेवटच्या वेगात मात्र आमच्या दोघांतला फरक एकाच गाडीच्या धावांतल्या फरकापेक्षा लहान. वहीत मी त्या रकान्यात "सारख्या" लिहिलं आणि मेहुण्याने त्याखाली सही केली.

११. महाराष्ट्रात असाल तर

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पहाटे चारला मोजायचा विचार असेल तर सोडून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय खासगी गाडीच्या पॉलिसीवर "वापराच्या मर्यादा" म्हणून जो परिच्छेद असतो, त्यात संघटित शर्यतीबरोबरच वेगचाचणीही वगळलेली असते. कपाटातून काढून वाचा.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम होत आले आहेत, त्यांची वाट बघा. नाव नोंदवताना लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती तयार ठेवा, आणि स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेची असेल तर त्यांचं लायसन्स लागेल का ते आधीच विचारा. तिथली उंची म्युनिकपेक्षा जास्त आहे, तेव्हा बिनटर्बोची गाडी मुंबईच्या आकड्यांच्या भरवशावर नेऊ नका. मेहुणा सुट्टीत पुण्याला गेला की आता तिथूनच फोन करतो: "भावजी, इथे ५६० मीटर आहे. आणू का गाडी?"